बाबांच्या लाल गाडीचा फिल्टर

३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आधी खाली बस. उभ्याने वाचण्यातलं हे पत्र नाही.

काल संध्याकाळी लॅबमधून घरी आले, पर्स अजून खांद्यावरच होती, तोवर बाबांनी खाली बोलावलं. म्हणाले, "वाढदिवसाला तुम्ही दोघं मला काही देणार असाल तर स्वेटर नको. गाडीला एअर फिल्टर द्या. कंपनीचा नको, बाहेरचा. तो उघडा असतो ना, शंकूसारखा, तसला." मी म्हटलं, "कुठल्या गाडीला?" तर म्हणतात, "आपल्याकडे काय गाड्यांची रांग लागलीय?"

अरे, त्यांनी गाडीने फाटकाचा खांब आडवा केला त्याला धड वर्षसुद्धा झालेलं नाही. भोवळ आली म्हणाले, आई डॉक्टरांकडे घेऊन गेली, डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. तेव्हापासून ती दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार मागच्या गॅरेजात कापड पांघरून उभी आहे. रविवारी सकाळी आईबाबा दोघं जाऊन इंजिन तेवढं चालू करतात, बॅटरी उतरू नये म्हणून. एवढ्यासाठी फिल्टर? आणि तोही शर्यत लावणाऱ्या पोरांसारखा?

आई शेजारी मटार सोलत बसली होती. मी म्हटलं, "आई, तू तरी सांग यांना." तर म्हणे, "देऊन टाका गं, काय जातंय." आपली आई! ही गाडी घरात आली तेव्हा जिने बाबांशी बोलणं टाकलं होतं, ती!

तू दिवसभर फिल्टरांवर धूळ फुंकायचा पगार घेतोस, तेव्हा तूच काय ते ठरव. त्यांचं मन राहील असं काहीतरी निरुपद्रवी पाठव. फोनच केला असता, पण तुमच्या त्या गाड्यांच्या चाचणीच्या तळावर फोन दारातच काढून घेतात आणि खोलीवर रेंज नाही. एका परीने बरंच आहे. फोनवर मी नुसती किंचाळले असते.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ताई,

किंचाळणं पत्रातूनही व्यवस्थित ऐकू आलं. शेजारच्या खोलीतल्यानेही ऐकलं असेल.

आता नीट वाच. कंपनीचा जो कागदी फिल्टर असतो ना, बारीक घड्यांचा, तोच सगळ्यांत जास्त धूळ अडवतो. दुसरा येतो कापडी, तेल लावलेला. तो धुऊन पुन्हा वापरता येतो म्हणून लोक हौसेने घेतात, मग धुतल्यावर त्याला सढळ हाताने तेल चोपडतात. ते जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं आणि गाडी आचके द्यायला लागते. तिसरा हा बाबांचा लाडका, उघडा शंकू. तो लावायचा म्हणजे फिल्टरचा बंद डबाच काढून फेकायचा. गाडीची ताकद वाढते म्हणून विकतात. वाढत काही नाही. उलट इंजिनाजवळची गरम हवा ओढून गाडी थोडी मंदच होते. वाढतो तो फक्त आवाज. या वयात बाबांना गुरगुरणारी गाडी कशाला हवीय, देव जाणे.

गेल्या खेपेला आलो होतो तेव्हा मी स्वतः नवाकोरा कागदी बसवून गेलोय. खांबाच्या प्रकरणानंतरच. बंद गॅरेजात उभी गाडी, तो अजून पांढराशुभ्र असणार. तरी एकदा काढून माझ्याकडे पाठव. मी तपासतो, "उत्तम आहे, बदलायची गरज नाही" असं माझ्या सहीने लिहून देतो, म्हणजे विषय संपला. बॉनेट उघडलंस की उजव्या हाताला काळा डबा दिसेल. त्याच्या क्लिपा सोडायच्या, झाकण उचलायचं. कवळ्या करणाऱ्या बाईला एवढं जमायला हरकत नाही.

धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

कवळ्या करणाऱ्या बाईची दोन नखं तुटली. क्लिपा कुणी बसवल्यात तुझ्या, पैलवानाने?

सोबतच्या पार्सलात फिल्टर आहे. पांढराशुभ्र म्हणे! अरे, माझ्या लॅबमध्ये प्लास्टर घासतो तिथल्या खिडकीवरसुद्धा एवढी घाण बसत नाही. गॅरेज किती दिवस झाडलेलं नाही कोण जाणे. आईला सांगणार होते, पण तिच्या गुडघ्यांना वाकणं सोसायचं नाही, मीच झाडेन.

एक गंमत सांगते. मी डबा उघडत होते तेव्हा आई तीनदा येऊन गेली. "राहू दे गं, हात काळे होतील." "राहू दे गं, चहा निवतोय." शेवटी म्हणाली, "तो परत तसाच लावून ठेवशील ना?" मी म्हटलं, पाठवायचाय. तर तोंड एवढंसं झालं तिचं. म्हातारपणी माणसं कशाकशात जीव गुंतवतात बघ.

ताई


२ मार्च

ताई,

हे पत्र बाबांच्या हाती पडू देऊ नकोस.

तुझा फिल्टर मी पांढऱ्या कागदावर आपटला. काय काय पडलं ते लिहितो. गवताचं बी. पिवळे परागकण. टोळाचा पाय. मधमाशीचे पंख. आणि घड्यांच्या तळाशी ट्रकच्या धुराची चिकट काजळी. मी वजन केलं, पुन्हा केलं, मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला करायला लावलं. तो म्हणाला, "भरपूर फिरलेली गाडी आहे. गावाबाहेरच्या रस्त्यांवर."

बंद गॅरेजात मधमाश्या फिल्टरात घुसत नाहीत, ताई! फिल्टर फक्त इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढंच गिळतो. रविवारी थोडा वेळ उभ्या उभ्या चालू करून हे होत नाही. महिनोन्महिने रोज गाडी बाहेर काढली तर होतं.

माझं डोकं बधिर झालंय. खांबाच्या जागी उद्या कुणाचं पोर असलं तर? आजच्या आज त्यांना विचार. चावी काढून घे. बॅटरीची वायर सोडून टाक. चिडतील, चिडू देत.

धाकटा


१० मार्च

धाकट्या,

विचारलं.

मला वाटलं होतं, कानावर हात ठेवतील. शेजाऱ्याने नेली म्हणतील, चोराने नेली म्हणतील. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, गाडी बाहेर कोण नेतं?" आईच्या हातातला पेला खाली पडला. ती काही बोलणार, तेवढ्यात बाबा शांतपणे म्हणाले, "मी नेतो. दुपारी. तू लॅबला गेलीस की."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना! मी म्हटलं, "भोवळ येते ना तुम्हाला?" म्हणाले, "येते." "डॉक्टरांनी मना केलंय ना?" म्हणाले, "केलंय." मग माझा तोल सुटला. काय काय बोलले मला आठवतसुद्धा नाही. त्यांना खुनी म्हणाले बहुतेक मी. आणि सगळा वेळ ते माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होते. एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. एवढा कोडगेपणा आपल्या बाबांत कुठून आला रे?

आईवर जास्त राग आलाय. तिला माहीत होतं! खाली वाकून काचा गोळा करत होती, मी तिला उठवलं, गुडघ्यांचं कारण सांगून ओरडले, तर तिने माझा हात झिडकारला. जन्मात पहिल्यांदा.

चावी माझ्याकडे आहे, वायर सोडलीय. गाडी विकायची असं मी जाहीर करून टाकलं. लॅबमध्ये येणाऱ्या एका दंतवैद्यांना अशी गाडी हवीच होती, एप्रिलच्या पहिल्या रविवारी बघायला येतील. बाबा एवढंच म्हणाले, "फिल्टर नाही ना मग आला?"

फिल्टर! मी वर जाऊन दार लावून रडले.

ताई


१७ मार्च

बाबा,

तुम्हाला इतक्या वर्षांत मी कधी उलट शब्द बोललो नाही. आज लिहितोय.

लहानपणी रस्ता ओलांडताना तुम्ही माझं मनगट इतकं घट्ट धरायचात की वळ उठायचा. गाडी चालवणारा माणूस तुला बघतोच असं धरून चालू नकोस, म्हणायचात. आज तो माणूस तुम्ही झालात. भोवळ येते हे ठाऊक असून रोज दुपारी हातात चाक घेता, आणि ताईने विचारलं तर "येते" म्हणून मोकळे होता. तुम्हाला समोरचं माणूस तरी दिसतं का हो? की तुमच्या हौशीपुढे कुणीच दिसत नाही?

गाडी विकायला माझी पूर्ण संमती आहे. फिल्टर मी पाठवणार नाही.

तुमचा मुलगा


२५ मार्च

बाळा,

बाबांना लिहिलेलं तुझं पत्र मीच उघडलं आणि मीच वाचून दाखवलं. त्यांना ते वाचता आलं नसतं. त्यांना आता काहीच वाचता येत नाही.

लिहिलं एकदाचं. अक्षर सांभाळून घे.

खांब उडवला तेव्हा भोवळबिवळ काही आली नव्हती. खांब यांना दिसलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा खराब होत चाललाय, चष्म्याने काही व्हायचं नाही, दुसरा इलाज नाही. तेव्हा समोर मधोमध एक डाग होता. आता उजेड आणि सावल्या तेवढ्या कळतात. घरात वावरतात ते पायांच्या सवयीने. जन्मभर नकाशे काढले, केसाएवढ्या बारीक रेघा ओढल्या, आणि आता ताटात काय कुठे वाढलंय ते मी हळूच सांगते. ताई आली की मीच मोठ्याने म्हणते, "आलीस का गं, निळा रंग छान दिसतो तुला." म्हणजे यांना कळावं कोण आलंय आणि कशी दिसतेय. ताईला वाटतं, आईला हल्ली कौतुकाचा उमाळा येतो.

तिला का सांगितलं नाही विचारशील. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती मला स्टुलावर चढू देत नाही, भाजीची पिशवी उचलू देत नाही, जिन्याला दोन्हीकडून कठडे लावून घेतलेत. मायेनेच करते रे. पण यांनी ते सगळं पाहिलं होतं. मला म्हणाले, "मला खुर्चीत बसवतील, आणि हळूहळू माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलायला लागतील, बाबांना भूक लागली असेल का गं म्हणून. कळेल तेव्हा कळेल. तू सांगायचं नाहीस." मी शब्द दिला.

मग हे रोज दुपारी गॅरेजात जाऊन गाडीत नुसते बसायला लागले. चाकावर हात ठेवून, कापड न काढता, अंधारात. मला बघवेना.

बाळा, गाडी मी चालवते.

होय, मीच. गुडघ्यांसाठी पोहायला जाते म्हणून ताईला सांगायचे आणि ड्रायव्हिंग शिकायला जायचे. घरी येताना नळाखाली केस ओले करून यायचे! शिकवणारा पहिल्या दिवशी म्हणाला, "आजी, नातवाला सोडायला आलात का?" परीक्षेत एकदा गचकले, दुसऱ्यांदा पास झाले.

ताई लॅबला गेली की आम्ही मागच्या गल्लीतून निघतो, तळ्याच्या रस्त्याने, शेतांच्या कडेकडेने. मी तीसच्या वर जात नाही, सायकलवालेसुद्धा वळून बघतात. हे शेजारी बसतात काच खाली करून. इंजिनाचा आवाज ऐकून सांगतात, "आता तिसरा गिअर टाक. आता खाली ये." भिंत संपली, झाडं लागली, पूल आला, सगळं यांना कानांनी कळतं. तेवढा वेळ गाडी हेच चालवतात, मी नुसते हातपाय. पण त्या बंद डब्यामुळे इंजिन तोंडात बोळा घातल्यासारखं बोलतं, वाऱ्यात नीट ऐकू येत नाही. यांचं सांगायचं एकदोनदा चुकलं, मग त्या दिवशी घरी येईपर्यंत गप्प होते. म्हणून हवा होता तो उघडा फिल्टर. वेगासाठी नाही रे.

ताईने विचारलं तेव्हा मी खरं सांगणारच होते, तर हे मधेच "मी नेतो" म्हणून बसले. नंतर मी भांडले. हे म्हणाले, "आडमुठा म्हणू देत मला. ते चालेल."

तुझ्या पत्रातल्या "समोरचं माणूस तरी दिसतं का" या ओळीशी मी थांबले. हे म्हणाले, "वाच." सगळं वाचून घेतलं. मग म्हणाले, "पोरगा बरोबर लिहितोय. नाही दिसत."

मी शब्द मोडलाय. ताईला तोंडाने सांगायचं बळ माझ्यात नाही. तिचा चेहरा पडलेला बघितला की मीच रडायला लागेन. तू लिही तिला.

आई


१ एप्रिल

ताई,

आईचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मी ते जेवणाच्या मेजावर वाचलं आणि तसाच उठून बाहेर आलो. मी त्यांना काय लिहून बसलो गं! आणि आईने ते त्यांच्यासमोर मोठ्याने वाचलं! मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालंय.

आज रजा टाकून गावात गेलो, तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. घरी लावला. बाबांनी उचलला. "कोण? कोण आहे?" म्हणत राहिले. पुन्हा म्हणाले, "अहो, बोला ना, मला कळत नाहीये कोण ते." मी ठेवून दिला. भेकड आहे मी.

तो फिल्टर मी हातात धरला होता, ताई. त्यातला मधमाशीचा पंखसुद्धा मला ओळखता आला, आणि त्यावरून मी बापाला गुन्हेगार ठरवून मोकळा झालो.

रविवारच्या आत हे पत्र पोचलं तर गाडी विकू नकोस. विकली असलीस तर परत आण, त्या दंतवैद्याच्या पाया पड, मी येऊन पडतो.

सोबत मोठ्या पार्सलात उघडा शंकू पाठवतोय. बाजारातले सगळे आमच्या टेबलावर लावून, डोळे मिटून ऐकले. बाकीचे सहकारी आपापलं काम सोडून माझ्याभोवती जमले होते. तेलाचा घेतलेला नाही, कोरडा आहे, तेलाच्या भानगडी आईच्या मागे नकोत. बरोबर एक पत्र्याचा आडोसा आहे, तो इंजिनाच्या बाजूला बसव, म्हणजे गरम हवा ओढणार नाही. यातून कागदी फिल्टरपेक्षा जास्त धूळ आत जाईल. इंजिन लवकर झिजेल. पोटापाण्याला मी हेच होऊ नये म्हणून राबतो. झिजू दे.

धाकटा


१४ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र पोचायच्या आधीच रविवार येऊन गेला होता.

दंतवैद्य ठरल्याप्रमाणे आले. मी वायर जोडून ठेवली होती, चावी दिली. ते गाडीत बसायला गेले आणि गुडघे चाकाखाली अडकले! कसेबसे बाहेर निघाले आणि म्हणाले, "अहो, सीट एवढी पुढे कोण घेतं? आणि पाठीला ही उशी कुणाची?" मी बाबांकडे बघितलं. बाबा चौकटीत डोकं वाकवून आत येणारे. मग आईकडे बघितलं. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "उशी माझी आहे. गाडी मी चालवते. आणि विकायची नाही."

दंतवैद्य बिचारे "बरं बरं" म्हणत चालते झाले. बाबा म्हणाले, "कशाला बोललीस?" आई म्हणाली, "पुरे झालं आता." मला वाटलं, दोघांनाही वेड लागलंय. एक खोटं बोलतो, दुसरी चोरून शिकते, आणि कशासाठी, तर गाडीत बसून फिरायला? मी त्या दिवशी दोघांशीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग तुझं पार्सल आलं. जिन्यातच फोडलं, जिन्यातच वाचलं, आणि तिथेच, त्या दोन कठड्यांच्या मधे, बसून राहिले.

खाली माझे बाबा आंधळे होत होते रे. मी वर राहत होते. रोज संध्याकाळी चहा घेत होते त्यांच्याबरोबर! खिडकीकडे बघत होते म्हणून त्यांना कोडगे म्हणाले मी. मी कुठे बसलेय हेच त्यांना नीट कळत नव्हतं. आई म्हणायची निळा रंग छान दिसतो, आणि मी, मूर्ख, खूश होऊन निळे कपडे घ्यायला लागले होते.

खाली गेले. बाबांच्या अगदी जवळ जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून. काही बोलायच्या आतच म्हणाले, "वाचलंस वाटतं." मी विचारलं, "कसं कळलं?" म्हणाले, "तू नेहमी ओरडत येतेस." मग मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोट भरून रडले. त्यांनी थोपटलं, पण आधी डोकं शोधलं, मग थोपटलं. ते शोधणं मला सहन झालं नाही.

धाकट्या, माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! घरभर दोर बांधूया, माणूस ठेवूया, दुपारी मी रजा घेऊन गाडीमागे स्कूटर घेऊन येईन. सगळं गिळलं. फक्त म्हटलं, "बाबा, फिल्टर आलाय." एवढा मोठा माणूस, ताडकन उभा राहिला.

मीच बसवला. डबा काढला, पत्र्याचा आडोसा लावला, आणखी एक नख तुटलं. बाबा हाताने चाचपून बघत होते, पट्टा किती आवळायचा ते तेच सांगत होते. आईने गाडी चालू केली. अरे, काय आवाज! गॅरेजच्या पत्र्याला कंप सुटला. पलीकडच्या घरातली बाई बाहेर येऊन बघायला लागली. बाबा बॉनेटवर हात ठेवून, मान थोडी वाकडी करून उभे. मग म्हणाले, "त्याला लिही, छान निवडलाय." तेच शब्द लिहिलेत. तुझ्या त्या पत्राबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, तूही आता काढू नकोस. पुढच्या खेपेला फोन लावलास की नाव सांग आणि बोल.

मग दोघं निघाली. आई उशीवर चढून बसली, एवढीशी, चाकाच्या वर फक्त चष्मा. मी फाटकात उभी राहिले. गाडी गल्लीच्या टोकाशी पोचली आणि मी सवयीने हात हलवला. हलवतच राहिले. मग लक्षात आलं. हात तसाच वर राहिला.

मग लाज सोडली. सगळी गल्ली खिडक्यांत येईल अशी ओरडले, "बाबा! मी हात हलवतेय!"

गाडी थांबली. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि हलायला लागला. मी आणखी जोरात हलवायला लागले. मागून सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला, तरी आईने गाडी पुढे काढली नाही.

तुझी,
ताई